लाकडाच्या बॉयलरची ‘८५ टक्के’ कार्यक्षमता: आकडा कशाचा आणि मोजायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: पाचगणीतल्या एका निवासी शाळेत मुलांच्या आंघोळीचं पाणी लाकडावर तापतं. जुना बॉयलर गळायला लागला म्हणून नवा घेतला. बसवायला आलेल्या माणसाने चिमणीत यंत्राची सळई घातली, पडद्यावर ८५ च्या वर आकडा आला, त्याचा फोटो काढून दिला आणि बिल लावलं. आता पावसाळा सरत आला, तरी लाकडाच्या ट्रॉल्या पूर्वीइतक्याच येतायत. यंत्र खोटं, विकणारा खोटा, की आमचंच काही चुकतंय?

बहुधा कुणीच खोटं नाही. यंत्राने जे मोजलं ते बरोबर मोजलं असणार, फक्त तुम्हाला जे हवं होतं ते त्याने मोजलेलंच नाही. मी सांगली-मिरजेकडे हळद शिजवायच्या बॉयलरपासून गुऱ्हाळाच्या चुलवाणापर्यंत अनेक भट्ट्यांच्या धुरात हे यंत्र घातलंय, आणि हा गोंधळ सगळीकडे सारखाच दिसतो.

आधी ‘कार्यक्षमता’ म्हणजे कशाची, ते ठरवू. लाकडात जेवढी उष्णता दडलेली आहे, त्यातली प्रत्यक्ष आगीतून मोकळी किती झाली, ही झाली ज्वलनाची कार्यक्षमता. चांगल्या भट्टीत ती ९५ टक्क्यांच्या वर सहज जाते. उरलेली उष्णता धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि राखेतले कोळसे यांत अडकून राहते. दुसरी गोष्ट, मोकळी झालेली उष्णता पाण्याला मिळाली की चिमणीतून गेली. चिमणीतलं यंत्र या दोन्हींची गोळाबेरीज सांगतं: शंभरातून धुराड्यातून गेलेला तोटा वजा. आणि तिसरी गोष्ट, तुमच्या कामाची: अंगणात उतरवलेल्या लाकडातून दिवसभरात नळाला गरम पाणी किती आलं. बॉयलरच्या अंगातून, टाकीतून, पाइपातून गेलेली उष्णता चिमणीतल्या यंत्राला दिसत नाही. पहाटे भट्टी पेटवताना गेलेलं जळण त्याला दिसत नाही. रात्री डँपर (चिमणीतली झडप) ओढून निखारे धुमसत ठेवले, तेही दिसत नाही.

यातच आणखी एक मेख आहे, उष्मांकाची, म्हणजे किलोभर जळणात किती उष्णता धरायची याची. लाकूड जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, शिवाय लाकडातली ओल असतेच. हे सगळं पाणी वाफ होऊन चिमणीतून जातं आणि वाफ होण्यासाठी लागलेली उष्णता सोबत नेतं. ही उष्णता हिशेबात धरली तर तो ग्रॉस उष्मांक, आधीच वगळली तर नेट. वाळवलेल्या, म्हणजे शून्य ओलीच्या लाकडाचा ग्रॉस उष्मांक किलोला ४,७०० किलोकॅलरीच्या आसपास असतो, नेट ४,४०० च्या. जात कुठली यावर फार अवलंबून नाही. सिल्व्हर ओक असो, निलगिरी असो की बाभूळ, किलोमागे फरक थोडाच पडतो. (बाभळीचं जळण चांगलं म्हणतात ते तिच्या घनतेमुळे. एका चारीत, म्हणजे भट्टीत एका वेळी टाकलेल्या लाकडात, जास्त किलो मावतात आणि निखारा टिकतो.) युरोपातली मानकं, उदाहरणार्थ अशा बॉयलरांसाठीचं ईएन ३०३-५, नेट धरून टक्के काढतात. आपल्याकडे ऊर्जा लेखापरीक्षणात ग्रॉस धरायची रीत आहे. बाहेरून आलेल्या यंत्रात कारखान्यातूनच नेट ठेवलेलं असू शकतं आणि ते कुणी बदलत नाही. २० टक्क्यांच्या जवळपास ओल असलेल्या लाकडाला नेटवर ८५ टक्के आले असतील, तर त्याच क्षणाचा तोच आकडा ग्रॉसवर ७७-७८ होतो. बॉयलर तोच, आग तीच, सात-आठ टक्के कागदावरच गेले.

आता यंत्र हा आकडा काढतं कसा, ते समजून घेतलं की त्याला कुठे फसवता येतं हेही कळतं. फ्लू गॅस ॲनालायझर, म्हणजे हेच चिमणीतलं यंत्र, तीनच गोष्टी खरोखर मोजतं: धुरातला ऑक्सिजन, धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचं व खोलीतल्या हवेचं तापमान. कार्बन डायऑक्साइड बहुतेक यंत्रं मोजत नाहीत, ऑक्सिजनवरून काढतात. लाकूड एकही जादा हवेचा कण न लागता जळलं असतं तर कोरड्या धुरात कार्बन डायऑक्साइड सुमारे २०.३ टक्के आला असता. प्रत्यक्षात जितका ऑक्सिजन उरलेला दिसतो, त्या प्रमाणात तो पातळ झालेला असतो. म्हणून यंत्राच्या मेनूत इंधन ‘लाकूड’ निवडलंय का, हे पहिलं बघा. डिझेलची भट्टी तपासून आलेल्या माणसाचं यंत्र डिझेलवरच राहिलेलं असतं, आणि मग पुढचं सगळं गणित वाया.

एक उदाहरण हातानेच करून दाखवतो. वाळलेलं एक किलो लाकूड जळायला साधारण ६ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन १० टक्के दिसला, तर जादा हवा म्हणजे १० भागिले (२१ वजा १०), जवळपास ९१ टक्के. म्हणजे ६ ऐवजी साडेअकरा किलो हवा आत गेली, आणि कोरडा धूर झाला सुमारे १२ किलो. धूर २६० अंशांवर, बाहेरची हवा २५ वर. फरक २३५ अंश. १२ किलो गुणिले ०.२४ (किलोभर धूर एक अंश तापायला लागणाऱ्या किलोकॅलरी) गुणिले २३५ म्हणजे पावणेसातशे किलोकॅलरी कोरड्या धुरासोबत गेल्या. हे ४,७०० चे सुमारे १४ टक्के. लाकडात २५ टक्के ओल असेल तर ती ओल आणि हायड्रोजनपासून झालेलं पाणी मिळून पाऊण किलोच्या वर वाफ होते. तिने सुमारे ६०० किलोकॅलरी, म्हणजे १३ टक्के नेले. कार्बन मोनॉक्साइड ५,००० पीपीएम (धुराच्या दहा लाख भागांत ५,००० भाग) असेल तर आणखी पावणेतीन-तीन टक्के. बेरीज ३० टक्के. ग्रॉसवर कार्यक्षमता ७०. हाच हिशेब नेटवर केला की ७९ येतात. भट्टीवाला दुसरा आकडा सांगेल, लेखापरीक्षक पहिला. दोघंही खरे.

या गणितात एक गोष्ट लक्षात घ्या. अनेकांना वाटतं, धुराडं गार म्हणजे बॉयलर चांगला. हात लावून सांगतात, ‘बघा, गरमच नाही.’ समजा दार नीट बसत नाही, ब्लोअर मोठा आहे, जाळीवर लाकूड विरळ आहे, आणि त्यामुळे धूर २०० अंशांवरच निघतोय, पण ऑक्सिजन १५ टक्के आहे. जादा हवा २५० टक्के झाली. धूर २१ किलोच्या वर. २१ गुणिले ०.२४ गुणिले १७५ करा: ९०० च्या आसपास, म्हणजे १९ टक्के. चिमणी ६० अंशांनी गार, आणि तोटा पाच टक्क्यांनी जास्त. तापमान आणि ऑक्सिजन ही जोडगोळी आहे, एकट्या आकड्यावर काहीही ठरवू नका. ऑक्सिजन तोच ठेवून तापमान २० अंश उतरलं, तर मात्र सव्वा ते दीड टक्का खरोखर हाती लागतो. नळ्यांवरची काजळी काढली की हा फायदा दुसऱ्या दिवशीच दिसतो. उलट फार गार करायच्या मागेही लागू नका. चिमणीच्या बुडाशी १२० अंशांच्या खाली गेलात तर ओल्या लाकडाच्या धुराचं डांबर आतून चिकटायला लागतं आणि पत्रा खातं.

फोटोतला तो आकडा कधीचा होता, हा तुमच्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. गॅसचा बर्नर सुरू झाला की दहा मिनिटांनी जे दिसतं तेच तासाने दिसतं. लाकडाचं तसं नसतं. चारी टाकली की पहिल्यांदा ओल उडते, धूर पांढरा आणि दाट होतो, तापमान पडतं, मोनॉक्साइड हजारोंत जातो. मग ज्वाळा धरते: लाकडातले वायू पेटतात, ऑक्सिजन आठ-नऊवर येतो, मोनॉक्साइड हजाराच्या आसपास उतरतो. ही वेळ यंत्राला दाखवायची. त्यानंतर ज्वाळा विरतात, निखारे उरतात, ऑक्सिजन हळूहळू चढतो आणि मोनॉक्साइड पुन्हा वर जातो. ज्वाळेच्या त्या ऐन भरातल्या पाच मिनिटांवर वर्षाचं जळण ठरवणं म्हणजे पसरणी घाट उतरताना गाडीचं ॲव्हरेज मोजणं.

म्हणून मोजायचं ते एका चारीपासून पुढच्या चारीपर्यंत, आणि पेटवणीची पहिली चारी धरून. दर मिनिटाला नोंद ठेवणारं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर दर पाच मिनिटांनी वहीत लिहा. नुसती सरासरीही पुरत नाही. निखाऱ्यांच्या टप्प्यात जळण कमी जळत असतं, तेव्हा तिथल्या वाईट आकड्यांना तितकंच कमी वजन द्यायला हवं. ज्वाळेच्या टप्प्यात उलट. भट्टी वजनकाट्यावर ठेवणं प्रयोगशाळेत जमतं, तुमच्याकडे नाही. तिथे चारीच्या वेळा आणि किलो लिहून ठेवले तरी अंदाज बराच सुधारतो.

सळई कुठे घालायची तेही सांगतो, कारण निम्म्या चुका इथे होतात. बॉयलरमधून धूर बाहेर पडतो त्या गळ्यापासून चिमणीच्या व्यासाच्या साधारण दुप्पट अंतरावर, डँपरच्या आणि हवा मिसळणाऱ्या कुठल्याही फटीच्या आधी, १०-१२ मिलिमीटरचं भोक पाडा. टोक मध्यावर हवं. कडेला लावलं तर पत्र्यालगतचा गार धूर मिळतो. भोकाभोवतीची फट ग्लासवूलने बुजवा. ड्राफ्टमुळे चिमणीत ओढ असते, म्हणजे बाहेरची हवा आत शिरते आणि ऑक्सिजन खोटा वाढतो. गंमत अशी की सळईच्या बरंच आधी कुठे फट असेल आणि तापमान व ऑक्सिजन एकाच ठिकाणी मोजले, तर टक्क्यांचा आकडा फारसा बिघडत नाही. धूर वाढला पण तितकाच गार झाला, गुणाकार जवळपास तोच. बिघडतो तो तापमान गळ्याशी आणि ऑक्सिजन चार फूट वर मोजला की. तरीही फट शोधाच, कारण भट्टीला हवा कमी-जास्त करायचा निर्णय तुम्ही त्याच ऑक्सिजनवरून घेणार आहात.

यंत्र सुरू करायचं ते मोकळ्या हवेत, बॉयलरच्या खोलीबाहेर, ऑक्सिजन २०.९ दाखवला की मगच आत आणायचं. लाकडाच्या धुरासाठी पाण्याचा सापळा आणि फिल्टर पुन्हा पुन्हा बघावे लागतात. पहिल्या चारीनंतर सळई बाहेर काढा: टोकाला मधासारखं काळपट-तपकिरी डांबर लागलेलं असेल, बोटाला चिकटेल, वास उग्र येईल. ते डांबर म्हणजे न जळलेलं लाकूडच, आणि ते यंत्राच्या हिशेबात कुठेच येत नाही. यंत्रातले मोनॉक्साइड मोजणारे बरेच साधे सेल ४,००० किंवा १०,००० पीपीएमपर्यंतच मोजतात. ओल्या लाकडाची पेटवणी तो पल्ला ओलांडते, आणि सेल कायमचा दमतो. सळई बाहेर काढून, यंत्राचा पंप चालू ठेवून ताजी हवा द्यायची सवय ठेवा. आणि ही सगळी मोजणी करताना बॉयलर खोलीची खिडकी उघडी हवी. चिमणीत हजारांनी मोजतो तो वायू खोलीत शेकड्यांत आला तरी जिवाशी येतो.

आता लाकूड. पाचगणीत पावसाळ्याचे चार महिने मला तिथल्या कुठल्याही बॉयलरच्या टक्केवारीपेक्षा लाकडाच्या ओलीचीच जास्त काळजी वाटते. छपराखालचं, उन्हाळ्यात चांगलं वाळवलेलं लाकूडसुद्धा धुक्यात पुन्हा ओल पितं आणि १७-१८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवलेलं, किंवा जूनमध्ये तोडून जुलैत आणलेलं ४० च्या वर असतं. तीन टनांच्या ट्रॉलीत ४० टक्के ओल असेल तर १,२०० किलो पाणी तुम्ही लाकडाच्या भावाने घेतलंत. वर ते उडवायला उरलेल्या लाकडातली उष्णता खर्च केलीत. २५ टक्के ओलीच्या लाकडात किलोमागे ग्रॉस ३,५०० किलोकॅलरी मिळतात, ४० टक्क्यांच्या लाकडात २,८००. शिवाय भट्टीचं तापमान पडतं, मोनॉक्साइड वाढतो, डांबर वाढतं. नव्या बॉयलरने दहा टक्के वाचवले असतील तर ते इथे सहज बुडतात.

ओल मोजायला दोन खिळ्यांचं मीटर मिळतं, स्वस्त आहे, घ्या. पण ओंडक्याच्या सालीवर किंवा कापलेल्या टोकावर टोचून उपयोग नाही, तिथे वाळलेलंच दाखवणार. ओंडका फोडा आणि फोडलेल्या ताज्या तोंडावर, मधोमध टोचा. दुसरं म्हणजे, ही मीटरं बहुधा कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के दाखवतात, आणि जळणाचा हिशेब ओल्या, म्हणजे आहे त्या वजनावर चालतो. मीटरवर २५ दिसले तर जळणाच्या हिशेबात ते २० आहेत. मीटरवर ६७ म्हणजे हिशेबात ४०. खात्री करायची असेल तर शाळेच्या स्वयंपाकघरातला ओव्हन आहेच: ट्रॉलीच्या वेगवेगळ्या थरांतल्या ढलप्या मिळून अर्धा किलो घ्या, १०३ ते १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. कमी झालेलं वजन भागिले सुरुवातीचं वजन. यापेक्षा विश्वासाची पद्धत नाही.

मग तुमचा खरा आकडा काढायला काय लागतं? वजनकाटा, थर्मामीटर आणि वही. टाकी १,००० लिटरची धरू. सकाळी पाणी २० अंश, तापवून ६०. म्हणजे ४०,००० किलोकॅलरी पाण्याला मिळाल्या. एवढ्यासाठी २५ टक्के ओलीचं २२ किलो लाकूड गेलं असेल तर आत गेल्या ग्रॉस ७७,५०० किलोकॅलरी. कार्यक्षमता साडेएक्कावन्न-बावन्न टक्के. तापमान घेण्याआधी पंप पाच-दहा मिनिटं फिरवून टाकीतलं पाणी एकजीव करा, नाहीतर वरचं पाणी ७० आणि खालचं ३५ असतं आणि तुम्ही वरचं लिहिता. चाचणी सुरू करताना आणि संपवताना भट्टीतले निखारे सारखेच हवेत. शेवटी एक किलो कोळसा राखेत उरला तर सुमारे ७,००० किलोकॅलरी, म्हणजे दोन किलो लाकूड तुम्ही न जाळताच जळालं म्हणून लिहिलंत. राख गार झाल्यावर चाळून बघा. जाळीच्या सळ्यांमधलं अंतर मोठं असेल तर जिवंत निखारे खाली पडतात, आणि तिथला तोटा कुठलंच धुराड्यातलं यंत्र दाखवणार नाही.

चिमणीतून ७० आणि टाकीतून ५२, दोन्ही ग्रॉसवर. मधले १८ कुठे गेले ते शोधायचं काम आता सुरू होतं, आणि ॲनालायझरचा खरा उपयोग तिथे आहे. आधी बॉयलरचा मागचा पत्रा आणि टाकीची वरची बाजू हाताने तपासा. ग्लासवूल ओलं होऊन खाली बसलेलं असलं तर टाकी रात्रभर डोंगरावरच्या हवेला तापवत असते. पहाटे चारला पेटवून सातपर्यंत मुलं आंघोळ करतात आणि मग दिवसभर भट्टी ‘चालू राहू दे’ म्हणून धुमसत ठेवली जाते, हे वसतिगृहांत फार दिसतं. तो तोटा पेटवणीपेक्षा मोठा असतो. डँपर बंद करून धुमसणाऱ्या भट्टीत यंत्र घालून बघा, मोनॉक्साइडचा आकडा बोलका असेल.

एक गोष्ट खास तुमच्या जागेची. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे, सांगली साडेपाचशेवर. सांगलीजवळच्या कुपवाडला किंवा तसल्याच सखल जागी जुळवलेल्या बॉयलरला वर नेलं की हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी मिळतो. ब्लोअर तेवढेच घनफूट फेकतो, पण त्यात ऑक्सिजन कमी, आणि चिमणीची ओढही जरा मंदावते. यंत्रावरचे टक्के उंचीने बदलत नाहीत, भट्टीची भूक बदलते. म्हणून ब्लोअरची झडप आणि दुय्यम हवेची (लाकडातून निघालेले वायू जाळायला दिलेल्या हवेची) भोकं वर आल्यावर पुन्हा जुळवायला हवी होती. ज्वाळेच्या टप्प्यात ऑक्सिजन ८ ते १० मध्ये बसेल आणि मोनॉक्साइड सर्वांत कमी असेल, ती जागा शोधून झडपेवर रंगाने खूण करा. हवा आणखी कमी केलीत तर ऑक्सिजनचा आकडा देखणा दिसेल आणि मोनॉक्साइड दुपटीने वाढेल.

तुमच्या जागी मी हे करेन: विक्रेत्याकडून तो फोटो नाही, तर त्या मोजणीतला ऑक्सिजन, मोनॉक्साइड, धुराचं आणि खोलीचं तापमान, उष्मांक ग्रॉस की नेट, आणि मोजणी चारी टाकल्यावर किती मिनिटांनी झाली, एवढं लेखी मागेन. दुरुस्तीचे पैसे काढण्याआधी टाकीची चाचणी दोनदा करेन, एकदा आताच्या लाकडावर आणि एकदा फेब्रुवारीत, उन्हात वाळलेल्या २० टक्क्यांच्या आतल्या लाकडावर. फेब्रुवारीत आकडा साठच्या जवळ गेला तर बॉयलर ठीक आहे, पैसे लाकडाच्या छपरावर घाला. वाळल्या लाकडावरही पन्नासच्या खालीच राहिला आणि चिमणी २५० च्या वर असेल, तर आधी नळ्या साफ करून पुन्हा मोजा. त्यानेही फरक पडला नाही तर उष्णता घेणारा पृष्ठभागच अपुरा आहे, आणि मग वही घेऊन विक्रेत्याला बोलवा.